पीकेडी आहे? मग क्रिएटिनिनची वाट न बघता हृदय आणि रक्तवाहिन्या कशा सांभाळायच्या

पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी केली आणि रिपोर्टमध्ये ‘दोन्ही किडन्या मोठ्या, अनेक सिस्ट (पाण्याने भरलेल्या पिशव्या)’, म्हणजे पीकेडी, असं आलं, की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा, किती? ते ०.९ किंवा १.० निघालं की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, फाइल कपाटात जाते आणि पुढची काही वर्षं तिला कुणी हात लावत नाही. घात होतो तो याच काळात. कारण क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी आधी या आजारात बीपी वाढलेलं असतं, हृदयाची भिंत जाड व्हायला लागलेली असते आणि कुणाच्या मेंदूतल्या एखाद्या शिरेला छोटा फुगाही आलेला असतो. पीकेडीच्या रुग्णांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण हृदय-रक्तवाहिन्यांचे आजार हेच आहे. म्हणून हा लेख किडनीपेक्षा त्यांच्याविषयी जास्त आहे.

मोठ्या माणसांत दिसणाऱ्या या आनुवंशिक आजाराचं पूर्ण नाव ऑटोसोमल डॉमिनंट पॉलिसिस्टिक किडनी डिसीज. आपण नुसतं पीकेडी म्हणू. बहुतेक घराण्यांत दोष १६व्या गुणसूत्रावरच्या पीकेडी-१ या जनुकात असतो, त्याहून कमी घराण्यांत ४थ्या गुणसूत्रावरच्या पीकेडी-२ मध्ये. ही जनुकं पॉलिसिस्टिन नावाची प्रथिनं बनवतात. ती किडनीच्या नलिकांत असतात, तशीच रक्तवाहिन्यांच्या भिंतींत आणि हृदयातही असतात. त्यामुळे भिंत जन्मापासूनच थोडी कच्ची असते. त्यात वाढत्या सिस्ट किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या दाबतात. रक्त कमी पोचतंय असं वाटून किडनी रेनिन नावाचं रसायन सोडते आणि त्याने अख्ख्या शरीरातलं बीपी चढतं. कच्ची भिंत आणि वर जादा दाब, हे समीकरण डोक्यात पक्कं ठेवलं की पुढचं प्रत्येक पाऊल का घ्यायचं ते आपोआप कळेल.

पहिलं पाऊल: तीन पिढ्यांचा कागद

डॉक्टरांकडे जाण्याआधी एक मोठा कागद घ्या. आजी-आजोबा, त्यांची भावंडं, आई-वडील, काका, आत्या, मामा, मावशी, चुलत-मामे-आते-मावस भावंडं, सगळ्यांची नावं लिहा. ज्या बाजूने आजार आलाय ती बाजू जास्त बारकाईने. प्रत्येकापुढे बीपी कितव्या वर्षी लागलं, डायलिसिस झालं का, आणि माणूस गेला असेल तर कोणत्या वयात, कसा, हे लिहा.

यातला ‘कसा’ सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात अवघड. आपल्याकडे मृत्यूची कारणं घरगुती भाषेत जपली जातात. “अण्णा बाथरूममध्ये पडले आणि गेले.” “तिच्या डोक्यातली शीर तुटली.” “अर्धांगाचा झटका होता म्हणे.” “झोपेतच अटॅक आला.” ४० वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी सीटी स्कॅन नव्हतं, त्यामुळे मेंदूतल्या रक्तस्रावाने गेलेले कितीतरी लोक ‘अटॅक’च्या खात्यात जमा आहेत. थोरल्या काकूला किंवा आत्याला नीट विचारा: त्या दिवशी आधी डोकं दुखत होतं का? उलटी झाली होती का? मान धरली होती का? छातीत दुखलं म्हणाले की पाठीत? वय किती होतं? पन्नाशीच्या आत अचानक गेलेलं माणूस असेल तर त्या नावाला लाल गोल करा. मेंदूची तपासणी करायची की नाही, हे पुढे या लाल गोलांवरच ठरतं.

आई किंवा वडील यांपैकी एकाला पीकेडी असेल, तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता ५० टक्के असते. थोरल्याला झाला म्हणून धाकटा सुटला, असा हिशेब नसतो. मुलगा-मुलगी असाही फरक नसतो. आणि घराण्यात कुणालाच नाही, असंही १०० पैकी निदान १० जणांच्या बाबतीत घडतं. काहींत दोष नव्यानेच झालेला असतो, काहींच्या आई-वडिलांची सोनोग्राफीच कधी झालेली नसते.

दुसरं पाऊल: बीपी घरीच, आणि नीट

पीकेडीत बीपी साधारण तिशीच्या आसपास वाढतं आणि किडनीचं काम ढासळायच्या आधीच निम्म्याहून जास्त लोकांना ते असतं. त्या वयात माणूस बीपी मोजायला जात नाही. दवाखान्यात मोजलं तरी जिना चढून, रांगेत ताटकळून, मग घाईघाईत शर्टाच्या बाहीवरून मोजलेला आकडा किती खरा?

दंडाला बांधायचं डिजिटल यंत्र घ्या. मनगटाचं नको. घेण्याआधी टेपने दंडाचा घेर मोजा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. यंत्रासोबत येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, कारण लहान पट्ट्याने बीपी खोटंच जास्त येतं. पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा आणि ज्या हातावर जास्त येईल तोच पुढे कायम धरा.

सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन या. चहा, तंबाखू, मशेरी, गोळी, सगळं नंतर. पाठ टेकून खुर्चीत बसा, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नाही. उघडा दंड टेबलावर, छातीच्या पातळीत. पाच मिनिटं गप्प बसा. मोबाइलवर बोलत किंवा बातम्या बघत बसलात तर त्याला गप्प बसणं म्हणत नाहीत. मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. रात्री झोपायच्या आधी पुन्हा तसंच. असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा. डॉक्टरांना दाखवायची ती हीच. आणि जे येईल ते वहीत लिहा. तीन-चारदा मोजून त्यातला सगळ्यात कमी आकडा लिहिणारे लोक डॉक्टरला नाही, स्वतःलाच फसवतात.

निरोगी माणसाचं बीपी रात्री झोपेत उतरतं. पीकेडीत काहींचं ते उतरत नाही आणि दिवसा मोजून हे कळायचं नाही. घरचे आकडे ठीक असूनही टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाची भिंत जाड दिसली किंवा लघवीतून प्रथिनं जात असली, तर २४ तास बीपी मोजणारं यंत्र लावायचं का, हे डॉक्टरांना आपणहून विचारा. शहरांतल्या बऱ्याच हृदयरोग दवाखान्यांत ते मिळतं.

तिसरं पाऊल: किती बीपी चालेल आणि कोणती गोळी

‘१४०/९०च्या खाली आहे ना, मग झालं’ हा हिशेब पीकेडीच्या तरुण रुग्णाला लागू नाही. २०१४ मध्ये हॉल्ट-पीकेडी या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. किडनीचं काम चांगलं असलेल्या १५ ते ४९ वयोगटातल्या रुग्णांचे दोन गट केले होते. एकाचं बीपी १२०/७० ते १३०/८० ठेवलं, दुसऱ्याचं ९५/६० ते ११०/७५. कमी बीपीच्या गटात किडनी मोठी होण्याचा वेग सुमारे १४ टक्क्यांनी मंदावला, हृदयाच्या डाव्या कप्प्याचं वाढलेलं वस्तुमान जास्त उतरलं आणि लघवीतून जाणारं अल्ब्युमिन हे प्रथिनही घटलं. त्या गटात चक्कर येण्याच्या तक्रारी मात्र जास्त होत्या.

किडनीच्या आजारांसाठी जगभर मानल्या जाणाऱ्या केडिगो या संस्थेची २०२५ची मार्गदर्शक तत्त्वं याच वळणाची आहेत. वय १८ ते ४९, किडनीचं काम चांगलं आणि बीपी १३०/८५च्या वर असेल, तर घरी मोजलेलं बीपी ११०/७५ किंवा त्याखाली ठेवायचा प्रयत्न करावा, सोसत असेल तर. वय पन्नाशीच्या पुढे किंवा किडनी बरीच बिघडलेली असेल, तर वरचा आकडा १२०च्या खाली. ‘सोसत असेल तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर आकड्याच्या मागे लागू नका. उभं राहून एक मिनिटाने मोजा, वहीत नोंद करा आणि डॉक्टरांना सांगा.

पहिली गोळी बहुधा टेल्मिसार्टन-लोसार्टन या किंवा रॅमिप्रिल-एनालाप्रिल या घराण्यातली असते. बीपी चढवणारी रेनिनची साखळी तोडणाऱ्या या गोळ्या आहेत, म्हणून पीकेडीत त्या पहिल्या. रॅमिप्रिलसारख्या गोळीने काहींना कोरडा खोकला सुरू होतो. खोकल्याचं औषध पीत महिने काढण्यापेक्षा गोळी बदलून घ्या. दोन्ही घराण्यांतली एकेक गोळी एकदम घेण्याने जादा फायदा झाला नाही, हेही हॉल्ट-पीकेडीतच दिसलं. बीपी तरीही आलं नाही तर अ‍ॅम्लोडिपिन वगैरे जोडतात.

या गोळ्या सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचंच. क्रिएटिनिन थोडं वर जातं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ बहुधा चालते, त्यामुळे घाबरून आपल्या मनाने गोळी बंद करू नका. बंद करायची वेळ वेगळी असते: जुलाब-उलट्या लागल्या, तोंडाने पाणी ठरत नाही, अशा दिवसांत ही गोळी तात्पुरती थांबवावी लागते. ती कधी थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या. रविवारी रात्री अकरा वाजता फोन लागत नाही.

ज्यांची किडनी झपाट्याने वाढते अशा काहींना टॉल्व्हॅप्टन देतात. ते सिस्टची वाढ मंद करतं, पण बीपीच्या गोळ्यांची जागा घेत नाही. ते चालू असताना यकृताच्या तपासण्या ठरल्या वेळी कराव्या लागतात आणि लघवी वाढवणारी दुसरी गोळी सहसा जोडत नाहीत.

चौथं पाऊल: मिठाचा हिशेब पाकिटावरून

दिवसाला माणशी पाच ग्रॅम मीठ, म्हणजे एक सपाट चमचा. भाजी, आमटी, पापड, लोणचं, पाव, फरसाण सगळं धरून. ‘आम्ही कमीच खातो’ हे प्रत्येक घर म्हणतं, म्हणून पाकीट मोजा. चार माणसांच्या घरात एक किलोचं पाकीट ५० दिवस पुरायला हवं. आणलेल्या दिवशी त्यावर पेनाने तारीख घाला. महिन्याच्या आत संपलं तर उत्तर मिळालं. शिवाय वर्षाच्या लोणच्यात आणि सांडगी मिरचीत गेलेलं मीठ यात धरलेलंच नाही.

आपल्या स्वयंपाकातली छुपी ठिकाणं वेगळी आहेत. पापडात मीठ असतंच, वर पापडखार असतो आणि तोही सोडियमच. इडली-ढोकळ्यातला सोडा, पित्त झालं की घेतलेलं फ्रूट सॉल्ट, पाण्यात फसफसणाऱ्या डोकेदुखीच्या गोळ्या, हेही त्यात आले. कोकणात आणि गोव्यात सुका बांगडा नि खारवलेली मासळी. उपवासाला ‘सैंधव चालतं’ म्हणून सढळ हाताने घालतात, पण बीपीच्या दृष्टीने सैंधव आणि साधं मीठ यांत नाव घेण्यासारखा फरक नाही. ‘लो सोडियम’ मीठ मात्र वेगळं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. किडनी कमकुवत असेल किंवा टेल्मिसार्टन-रॅमिप्रिल चालू असेल तर ते रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीला नेऊ शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

मीठ खरंच कमी झालं का ते तपासायचं असेल, तर २४ तासांची लघवी गोळा करून त्यातलं सोडियम मोजतात. ९० मिलीमोलच्या आसपास आलं तर पथ्य जमलं म्हणायचं.

बीपी चढवणाऱ्या इतर गोष्टी थोडक्यात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या किडनी आणि बीपी दोन्हींना वाईट. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या. ज्येष्ठमध, काढ्यात असो की पानात, रोज घेतला तर बीपी वाढवतो आणि पोटॅशियम पाडतो. तंबाखू तर कुठल्याच रूपात नको. बिडी-सिगारेटने मेंदूतला फुगा वाढण्याचा आणि फुटण्याचा धोका वाढतो. मशेरीला आपल्याकडे बायका ‘दातांचं औषध’ म्हणतात, पण तिच्यातही तेच निकोटिन आहे. ‘सिस्ट विरघळवणारं’ औषध विकणारे वैदूही भेटतील. सिस्ट विरघळत नाहीत. त्या नादात बीपीची गोळी सुटते, हे खरं नुकसान.

चालणं, सायकल, पोहणं जरूर करा. किडन्या फार मोठ्या असतील तर कबड्डी-कुस्तीसारखे पोटावर मार बसणारे खेळ नकोत, आणि महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, रुंदावलेली असेल किंवा मेंदूत फुगा असेल तर श्वास रोखून वजन उचलणंही नको.

पाचवं पाऊल: टूडी इको

बीपी असेल, छातीत धडधडत असेल, दम लागत असेल, डॉक्टरांना स्टेथोस्कोपने वेगळा आवाज आला असेल किंवा घराण्यात महारोहिणीचा आजार असेल, तर टूडी इको करून घ्या. रिपोर्ट हातात आल्यावर बघायच्या गोष्टी चारच. डाव्या कप्प्याची भिंत जाड झाली आहे का. मायट्रल झडप मागे फुगते का आणि तिच्यातून किती रक्त उलटं जातं. महारोहिणीच्या मुळाशी रुंदी किती सेंटिमीटर. आणि हृदयाची पंप करायची ताकद किती.

मायट्रल झडपेचा दोष पीकेडीत इतरांपेक्षा जास्त आढळतो, पण बहुतेकांत तो सौम्य असतो आणि अधूनमधून इको करण्यापलीकडे काही लागत नाही. नुसत्या या दोषासाठी दात काढण्याआधी प्रतिजैविक घ्यायची गरज नसते. हृदयाभोवती थोडं पाणी असल्याचंही काही रिपोर्टांत येतं. वाचून छातीत धस्स होतं, पण पीकेडीत ते बऱ्याच जणांत सापडतं आणि सहसा त्रास देत नाही. रुंदावलेली महारोहिणी मात्र हलक्यात घ्यायची नाही. पुढची मोजणी कधी, हे तिथेच विचारून तारीख लिहून घ्या. पुढचा इको शक्यतो त्याच ठिकाणी करा, म्हणजे जुन्या आकड्याशी तुलना करता येते.

सहावं पाऊल: मेंदूतल्या फुग्याची तपासणी, कुणी करायची

मेंदूच्या रक्तवाहिनीला येणाऱ्या फुग्याला डॉक्टर अ‍ॅन्युरिझम म्हणतात. साधारण लोकसंख्येत तो शंभरात दोन-तीन जणांना असतो, पीकेडीत सुमारे दहा जणांना, आणि घराण्यात आधी कुणाला असेल तर वीस-पंचवीस जणांना. यातले बहुतेक लहान असतात आणि आयुष्यभर फुटत नाहीत. पण जे फुटतात ते पीकेडीत सरासरी चाळिशीतच, इतरांपेक्षा सुमारे दहा वर्षं आधी. त्यामुळे ही तपासणी सरसकट सगळ्यांनी करायची की निवडक लोकांनी, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत.

ज्यांनी करायलाच हवी त्यांच्याबद्दल वाद नाही: ज्यांना आधी असा रक्तस्राव होऊन गेला आहे ते, आणि ज्यांच्या जवळच्या नात्यात अ‍ॅन्युरिझम, मेंदूतला रक्तस्राव किंवा कारण न कळलेला अचानक मृत्यू आहे ते. पहिल्या पावलातले लाल गोल इथे कामाला येतात. ज्यांच्या बेशुद्ध पडण्याने इतरांचा जीव धोक्यात येईल, म्हणजे एसटी चालक, वैमानिक, क्रेन चालवणारे, त्यांनीही करावी असं बरेच तज्ज्ञ म्हणतात. घराण्याची माहितीच नसेल, मोठी शस्त्रक्रिया ठरली असेल, किंवा काळजीने झोप उडाली असेल, तर फायदे-तोटे समजून घेऊन ठरवा. बाकीच्यांना तपासणीचा आग्रह धरू नये असं माझं मत आहे. दोन-तीन मिलिमीटरचा, कधीच न फुटणारा फुगा सापडला तर तो डोक्यातल्यापेक्षा मनात मोठा होतो.

तपासणी म्हणजे मेंदूचा एमआर अँजिओग्राम, बोलताना एमआरए. केंद्रावर सांगा की ‘टाइम ऑफ फ्लाइट’ पद्धतीने, कॉन्ट्रास्टशिवाय हवा आहे. गॅडोलिनियमचं इंजेक्शन या तपासणीला लागत नाही आणि किडनी कमजोर असताना ते टाळलेलं बरं. नुसता ‘एमआरआय ब्रेन’ लिहिलेला कागद नेलात तर रक्तवाहिन्यांचा भाग सुटू शकतो, म्हणून कागदावर एमआरए लिहिलंय का ते आधी वाचा.

काहीच सापडलं नाही आणि घराण्यात इतिहास आहे, तर ५ ते १० वर्षांनी पुन्हा तपासणी. लहान फुगा सापडला, तर ६ महिने ते २ वर्षांत दुसरी आणि वाढ नसेल तर पुढे अंतर वाढवत नेतात. मोठा, वाढता किंवा अवघड जागी असेल तर मेंदूचे शल्यचिकित्सक आणि तारेने आतून उपचार करणारे डॉक्टर दोघांचंही मत घ्या. तारेच्या पद्धतीत आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट लागतो, म्हणून किडनीच्या डॉक्टरांना आधी कळवा. सरकारी आरोग्य योजनेत यातलं काय बसतं, ते अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

सातवं पाऊल: मेडिकलमधून परस्पर घ्यायची नाहीत अशी प्रतिजैविकं

जुलाब झाले की आपल्याकडे औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी आणायची पद्धत आहे. लघवीला जळजळ झाली की सिप्रोफ्लॉक्सासिन, छातीत कफ झाला की लिव्होफ्लॉक्सासिन. हे सगळं एकाच फ्लुओरोक्विनोलोन गटातलं. या गटाने महारोहिणी फुगण्याचा किंवा तिची भिंत चिरण्याचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला. ज्याची भिंत मुळात कच्ची, त्याने ही पट्टी सहज म्हणून गिळायची नाही.

गंमत अशी, की सिस्टमध्ये जंतुसंसर्ग झाला तर आतपर्यंत पोचणाऱ्या मोजक्या औषधांत हाच गट येतो. तेव्हा डॉक्टरांनी विचारपूर्वक दिलं तर हटून बसू नका. फक्त “महारोहिणी रुंदावलेली आहे” किंवा “मेंदूत अ‍ॅन्युरिझम आहे” हे सांगा, पर्याय असेल तर ते बदलून देतील.

आठवं पाऊल: खिशातली चिठ्ठी

एक चिठ्ठी पाकिटात आणि तिचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवा. मजकूर एवढाच पुरे: “मला पॉलिसिस्टिक किडनी डिसीज आहे. मेंदूतला अ‍ॅन्युरिझम आणि महारोहिणीची भिंत चिरणे यांचा धोका नेहमीपेक्षा जास्त आहे.” खाली चालू गोळ्या, शेवटचं क्रिएटिनिन, रक्तगट आणि घरचा नंबर.

ती कधी काढायची? डोकं एकदम, काही सेकंदांत, आयुष्यात कधी दुखलं नाही असं दुखलं तर. सोबत उलटी, मान ताठ होणं, शुद्ध हरपणं असेल किंवा नसेलही. एका डोळ्याची पापणी अचानक खाली आली आणि दोन-दोन दिसायला लागलं, तरीही तेच. गोळी घेऊन पडून राहू नका, दुचाकीवर मागे बसून जाऊ नका. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात जा. पहिल्या सहा तासांत साध्या सीटी स्कॅनमध्ये रक्त फार खात्रीने दिसतं. उशीर झाला आणि सीटी स्वच्छ आला, तर पाठीतून पाणी काढून तपासणं किंवा अँजिओग्राम लागू शकतो. तेव्हा ‘सीटी नॉर्मल आहे, मायग्रेन असेल’ असं कुणी म्हणालं तर चिठ्ठी पुन्हा पुढे करा.

दुसरा प्रसंग छातीचा. फाटल्यासारखी, एकदम सुरू झालेली कळ छातीतून पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये जाते. घरचे म्हणतात गॅस झालाय, ओवा खा. दवाखान्यात ईसीजी काढून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायची तयारी होते. महारोहिणी चिरली असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेततं. अशा वेळी चिठ्ठी दाखवून दोन्ही हातांचं बीपी मोजायला आणि महारोहिणी नीट बघायला सांगा. साधा हार्ट अटॅकही पीकेडीत होतोच, त्यामुळे घरी थांबण्यात दोन्हीकडून तोटा.

बायकांसाठी वेगळं

मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. टेल्मिसार्टन-रॅमिप्रिल गटातल्या गोळ्या गर्भाला घातक असतात. टॉल्व्हॅप्टनही बंद करावं लागतं. लॅबेटालॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा यांवर आणून बीपी स्थिर करायला वेळ लागतो. गरोदरपणात बीपी उसळून प्रीएक्लॅम्पसिया हा आई-बाळ दोघांना धोक्याचा विकार होण्याचा धोका पीकेडीत जास्त असतो. म्हणून कमी डोसची अ‍ॅस्पिरिन तिसऱ्या महिन्याअखेर सुरू करायची का, हे विचारा. इस्ट्रोजेन असलेल्या कुटुंबनियोजनाच्या गोळ्या बीपी वाढवू शकतात, तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांना पीकेडी सांगून दुसरा उपाय निवडा. सासरी आजार लपवायचा म्हणून गोळ्या लपवून खाणाऱ्या मुली आहेत. त्यात बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांपासूनही तो लपतो, हे फार वाईट.

डायलिसिस लागलं तर

हृदयावरचा भार तेव्हा वाढतो, कमी होत नाही. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन किती वाढतं त्यावर सगळं अवलंबून असतं, म्हणून पाणी आणि मीठ दोन्ही मोजून. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घालताना हृदयाची तपासणी होतेच, मेंदूचा एमआरए तेव्हाच उरकायचा का ते विचारा. भाऊ-बहीण किडनी द्यायला तयार असतील तर त्यांना स्वतःला पीकेडी नाही हे आधी पक्कं करावं लागतं. तिशीच्या आतल्या नातेवाइकाची सोनोग्राफी स्वच्छ आली तरी तेवढ्यावर भागत नाही, एमआरआय किंवा जनुकीय तपासणी लागते.

मुलांचं काय

मुलांना काहीच त्रास नसताना सोनोग्राफी करायची का, हा प्रत्येक आई-वडिलांचा निर्णय आहे आणि दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे. बीपीबाबत मात्र दुमत नसावं. पीकेडी असलेल्या दर पाच मुलांमागे साधारण एकाला बीपी असतं. आई किंवा वडिलांना पीकेडी असेल तर मुलाचं बीपी पाचव्या वर्षापासून वर्षातून एकदा, लहान मुलांच्या पट्ट्याने मोजा. मोठ्या माणसांचे आकडे मुलांना लागू होत नाहीत. वय, उंची आणि मुलगा की मुलगी यांनुसार तक्ते असतात, म्हणून बालरोगतज्ज्ञांकडून ते त्यांच्या कार्डावरच लिहून घ्या. शाळा सुरू व्हायच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, दप्तर-पुस्तकांच्या खरेदीसोबत हे काम ठेवलं तर विसरत नाही.